श्रावणातला वाढदिवस

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

लेक श्रावणातली. त्यामुळे वाढदिवसाला औक्षण असतं, केक असतो, पुरी-बासुंदी असते, फक्त तिला जे खायचं असतं ते नसतं. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा तर दोन महिने तिने कॅलेंडरशी अबोला धरला होता.

पोरगी खाण्याच्या बाबतीत निडर आहे. मालवणला तिने कालवं अशी मटकावली की वाढणारी बाई बघत राहिली. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी आमच्या फ्रीजवर चुंबकाखाली अजून लटकते आहे. धाकटा बरोबर उलटा. वरण-भात, तूप, लिंबू. लिंबाची बी दिसली तरी ताट सरकवतो.

यंदा तिला पंधरा पूर्ण झाली. महिनाभर आधीच यादी हातात आली: टेबलावरच मांस भाजून देणारं कोरियन हॉटेल, सुशी, मोहम्मद अली रोडवर भेजा फ्राय, आणि एका मोठ्या थाळाभोवती सगळ्यांनी बसून जेवायचं ते बोहरी जेवण. चारही श्रावणात बाद. आईंचा तर चातुर्मास. कांदेनवमीला भजी झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. "मी आपली घरी थांबते, तुम्ही या जाऊन," असं त्यांनी म्हटलं की आमच्याकडच्या सगळ्या वाटाघाटी तिथेच संपतात. या वेळी लेकच म्हणाली, "आजी नसेल तर मलाही नको." झालं, पुन्हा पहिल्यापासून.

नवऱ्याने नेहमीचं हॉटेल सुचवलं. पंजाबी, चायनीज, पावभाजी, डोसा, सगळं एका छताखाली, पार्किंगसकट. "बाबा, तिथे पनीरच्या भाज्यांची नावं दहा आणि रस्सा एक," असं म्हणून लेकीने ते मोडीत काढलं. मला ते पटलं. प्रत्येकाला काहीतरी मिळेल म्हणून आपण असली हॉटेलं निवडतो आणि मग सगळे घरच्यासारखंच जेवून, घरच्या चौपट पैसे देऊन परत येतो. रोज चालेल एकवेळ. वाढदिवसाला का?

फोर्टातल्या 'बर्मा बर्मा'चं नाव नणंदेने काढलं. २०१४ मध्ये सुरू झालेलं, ब्रह्मदेशी जेवणाचं, पूर्ण शाकाहारी, दारूही नाही. शाकाहारी म्हटल्यावर लेकीचं तोंड उतरलं. मग मी तिला एकच गोष्ट वाचून दाखवली. तिथे 'लाफे थोक' मिळतं. चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन्महिने आंबवतात आणि ती पानं प्यायची नाहीत, चावून खायची. "आंबवलेली?" म्हणत ती खुर्ची ओढून जवळ आली. काम झालं.

आईंकडून मात्र मला विरोधाची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "ब्रह्मदेश? म्हणजे थिबाचा?" माझ्या लक्षातच नव्हतं, त्यांचं माहेर रत्नागिरी. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य जिंकलं आणि पुढच्या वर्षी थिबा राजाला कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा झाला १९१० साली, आणि १९१६ मध्ये तो तिथेच गेला. आईंचं बालपण त्या राजवाड्याच्या आसपास हुंदडण्यात गेलेलं. त्याच काळात टिळक तिकडे मंडालेच्या तुरुंगात होते, हेही त्यांनी नातवाला ऐकवलं. "तीस वर्षं आमच्या गावचं अन्न खाल्लं त्याने. आता त्याच्याकडचं काय ते बघू."

मंगळवारी, खऱ्या वाढदिवशी, अंगारकी आली. आईंचा उपास, रात्री मोदक. म्हणून बाहेरचं जेवण काल गुरुवारी ठेवलं, आज सगळ्यांना सुट्टी. कांदा-लसूण वगळून काय काय करता येईल ते फोनवर आधी विचारून घेतलं. मुलुंडहून लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. आईंचे गुडघे बघता गाडी काढावी असं नवऱ्याचं मत होतं, पण फोर्टात पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा उलट्या गर्दीची लोकल बरी.

लाफे थोकमध्ये काळपट हिरवी पानं, कोबी, टोमॅटो, शेंगदाणे, तीळ, तळलेल्या डाळी. पहिल्या घासाला कडू, मग आंबट, मग तोंडात चहा प्यायल्यावर राहतो तसा तुरटपणा. लेकीने डोळे मिटून चावलं आणि बशी स्वतःकडे ओढली. नवऱ्याने एक घास घेतला, पाणी प्यायला, "वेगळं आहे" म्हणाला. त्याच्या भाषेत ही नापसंती.

आईंसाठी बिनकांद्याचं तोफू आलं. सोयाबीनचं नव्हे, बेसनाचं. शान प्रांतात हरभऱ्याचं पीठ हळद-मीठ घालून शिजवतात आणि थापून गार करतात. आईंनी बोटाने दाबून पाहिलं. "अगं, ही तर सुरळीची वडी. गुंडाळायचा कंटाळा केलेला दिसतोय." नारळाच्या दुधातलं खाऊ स्वे आलं तेव्हा तर त्या पार कोकणात पोचल्या, रस दाट व्हायला बेसन लावलंय हे त्यांनी वाटीत बघूनच ओळखलं. लेक शेंगदाणे, तिखट, लिंबू, तळलेला कांदा दर घासाला वेगळ्या प्रमाणात घालत बसली होती. धाकट्याने त्यातल्या नुसत्या शेवया खाल्ल्या. तेही खूप झालं.

परतीच्या लोकलमध्ये लेकीने फोनवर पुढच्या वर्षीचं पंचांग उघडलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून श्रावण लांबतो आणि १३ ऑगस्टला लागतो. म्हणजे १२ ऑगस्टला, तिच्या वाढदिवशी, आषाढ अमावस्या. वारही बुधवार. "आई, गटारी!" अख्खा डबा वळून बघायला लागला. कोरियन हॉटेलात टेबल किती दिवस आधी धरता येतं याची चौकशी तिने घाटकोपर यायच्या आत सुरू केली.

"आधी दिवे घासायचे," आई म्हणाल्या. "पितळेचे सगळे. मग जा कुठे जायचं तिथे."

लेक कबूल झाली. नवऱ्याने मात्र तेवढ्यात विचारलं, तिथे पार्किंग आहे का.