आमची वाटचाल : पत्रिकेतली केसाएवढी रेघ

गिरगावात खाडिलकर रोडच्या आसपास सगळा लग्नपत्रिकांचा बाजार. तिथल्याच एका चाळीत बाबांनी ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालणारं छपाईयंत्र टाकलं. शाळेतून आलो की मी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवायला बसायचो. पुढे ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, खिळे किलोवर भंगारात गेले. हे गल्लीतल्या सगळ्यांचंच झालं.

आमचं वेगळं झालं ते इटॅलिकपायी, म्हणजे इंग्रजी तिरक्या अक्षरापायी. गिऱ्हाईकं मोबाइलवर परदेशी पत्रिका दाखवू लागली: उभ्या रेघा जाड, मधल्या केसाएवढ्या, अक्षर उजवीकडे झुकलेलं. बोडोनीचं वळण. १८व्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्म्यात मुद्रक बोडोनीने आणि पॅरिसमध्ये दिदो या मुद्रक घराण्याने जाड-बारीकचा हा फरक टोकाला नेला. इटॅलिक त्याहून जुनं. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओ या मुद्रकाने १५०१ साली छोटेखानी पुस्तकांसाठी ते आणलं. सरळ अक्षर कॉम्प्युटरवर ढकलून तिरकं केलं की इटॅलिक होत नाही, हे आजही निम्म्या गल्लीला पटत नाही. खऱ्या इटॅलिकात छोट्या 'ए'चं रूपच बदलतं, 'एफ' ओळीखाली शेपूट सोडतो. वधूवरांच्या नावांमधलं 'अँड'चं चिन्ह तर लोक मुद्दाम मोठं करून मागतात.

पहिल्याच मोठ्या कामात तोंडावर आपटलो. सातशे पत्रिका, हातकागद, सोनेरी फॉइल, नावं १४ पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप). बारीक रेघा कागदाच्या खरखरीत उमटल्याच नाहीत. मुलीच्या वडिलांनी पत्रिका चष्म्याजवळ नेली. "अहो, मानसी कुठाय? ह्या नुसत्या काठ्या आहेत!" सगळा माल पदरचे पैसे घालून पुन्हा छापला. हे अक्षर मोठं मिरवण्यासाठीच काढलेलं असतं. आता ३० पॉइंटाखाली आम्ही ते लावत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी.

मग मागणी आली, "मराठीपण तसंच तिरकं करा." करून पाहिलं. काने कलले, वेलांट्या शेजारच्या मात्रेत घुसल्या, ओळ वाऱ्याने कललेल्या मांडवासारखी दिसू लागली. माझी बहीण जेजे कला महाविद्यालयात शिकलेली. तिने बोरू काढला आणि अक्षर सरळच ठेवलं. जाड काना सहज जमला, अडलं शिरोरेघेपाशी. बोडोनीच्या हिशेबाने आडवी रेघ बारीक हवी, पण आपला सगळा शब्द तिलाच टांगलेला. ती तुटली की अक्षरं सुटी. म्हणून तिने शिरोरेघ थोडी भरीव केली आणि नाजूकपणा वेलांटीच्या टोकाला, 'श्री'च्या वळणाला नेला. इंग्रजी इटॅलिकशेजारी आता 'चि. सौ. कां.' परकं वाटत नाही.

पूर्ण फॉन्ट अजून झालेला नाही. लागतील ती नावं ती हाताने काढते. 'ज्ञ'ची गाठ मात्र भरून येतेच. ज्ञानदा नावाची नवरी आली की बहीण आधी चहा मागवते.