सगळ्यांच्या मागून चालताना : आमची वाटचाल

मुलांसाठी डोंगरातली शिबिरं सुरू केली तेव्हा आमच्याकडे भाड्याने आणलेले आठ तंबू, दोन दोर आणि मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. माझा भागीदार आणि मी, दोघंही गिर्यारोहणातून आलेलो. मुलांना डोंगरात न्यावं, दमवावं, दोरावरून कडा उतरवावा, की ती धीट होऊन घरी जातात, असा आमचा पक्का समज होता. पालक खूश असायचे, शाळा पुन्हा बोलवायच्या. धंदा म्हणून पहिली तीन वर्षं बरी गेली.

माहितीपत्रकावर मात्र आम्ही ‘युवा नेतृत्वविकास’ असं छापत होतो आणि शिबिरात सगळं ठरवत होतो आम्हीच. वाट कोणती, थांबायचं कुठे, पाणी कधी प्यायचं, कोणी कोणाबरोबर झोपायचं. मुलं आमच्यामागे चालायला शिकत होती, एवढंच.

हे उमगलं ते चौथ्या वर्षी, घसा बसला म्हणून. पंधरा-सोळा वर्षांची नऊ मुलं होती. माझा आवाजच फुटत नव्हता, तेव्हा नकाशा आणि होकायंत्र एका मुलाच्या हाती दिलं आणि मी शेवटी चालू लागलो. सकाळी साडेआठच्या सुमारास गट डोंगराच्या चुकीच्या सोंडेवर चढला. सोंड रुंद होती, पायाखाली माती घट्ट होती. कडा लागायला अजून तासभर होता, म्हणजे तूर्त धोका काही नव्हता. एरवी मी शिट्टी मारून सगळ्यांना मागे बोलावलं असतं. त्या दिवशी गप्प राहिलो.

वीस-पंचवीस मिनिटांनी एक मुलगी थांबली. तोवर ती फारशी बोललीच नव्हती. म्हणाली, “आपण पूर्वेला चाललोय ना? मग ऊन पाठीवर का येतंय?” पुढचा मुलगा चिडला. दोघंतिघं त्याच्या बाजूने, बाकीचे गोंधळलेले. शेवटी कोणीतरी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि होकायंत्राच्या सुईप्रमाणे फिरवून लावला. त्या मुलीने सगळ्यांच्या बाटल्या एका ओळीत मांडून पाणी मोजलं. पुढे गेलो तर पुरणार नाही, मागे फिरलो तर पुरेल. मागे फिरण्याचा निर्णय अखेर त्याच मुलाने जाहीर केला, आणि ते त्याला किती जड गेलं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुक्कामी पोचायला अंधार पडला. जेवणानंतर कोणी न सांगता मुलं दोन तास त्या सोंडेबद्दल बोलत बसली. तीन वर्षांत आमच्या शिबिरात असं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर आम्ही दोघांनी वाचायला घेतलं आणि जरा ओशाळलो. आम्हाला अपघाताने सापडलेलं इतरांनी कधीच बांधून ठेवलेलं होतं. १९०७ साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या प्रायोगिक छावणीत स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे चार गट पाडून प्रत्येक गट त्यातल्याच एका मुलाकडे सोपवला होता. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोवी इथे ‘आउटवर्ड बाउंड’ हे साहसातून शिकवणारं केंद्र सुरू केलं. त्यातही मुलांना निव्वळ काटक करण्यापेक्षा आपल्यात किती बळ आहे ते त्यांचं त्यांना कळावं, हा आग्रह होता. गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट यांनी १९६५ मध्ये अमेरिकेत ‘नोल्स’ ही रानावनात नेतृत्व शिकवणारी शाळा काढली. तिथे रोज नवा गटनायक नेमण्याची पद्धत आहे, ती आम्ही जशीच्या तशी उचलली.

मग वेळापत्रक गेलं. गट दहाचा, फार तर बाराचा. रोज वेगळा नायक, आणि प्रशिक्षक सगळ्यांत मागे. त्याने मध्ये कधी पडायचं याची यादी छोटी आणि लेखी आहे: कडा, वाहतं पाणी, वीज, औषधपाणी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेली नाहीत, तर निर्णय प्रशिक्षकाचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी हलायचं नाही. यात चर्चा नाही. बाकी चुका मुलांच्या. चूक खरी असावी, पण सोसवणारी असावी. ही सीमारेषा आखणं हेच आमचं खरं काम आहे असं मी मानतो. त्यासाठी प्रत्येक वाट आम्ही आधी स्वतः चालून येतो, कुठे चुकता येईल तेही पाहून ठेवतो.

सगळ्यात अवघड गेलं प्रशिक्षकांना गप्प बसायला शिकवणं. उत्तम गिर्यारोहक आमच्याकडे आले आणि मुलांना चुकताना बघवेना म्हणून सोडूनही गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. हे काम वेगळं आहे.

वस्तीतल्या कामात आम्ही याहून मोठी चूक केली. शिबिराचे शेवटचे दोन दिवस समाजकार्याचे असत. एका वस्तीत मुलांनी सभागृहाची भिंत सुंदर रंगवली, आम्ही फोटो काढले. निघताना एक आजी म्हणाल्या, “रंग छान दिलात बाळांनो. पण छप्पर गळतंय, ते कुणी विचारलंच नाही.” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मुलांच्या प्रश्नांचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, कारण तिथे मुलं निव्वळ शोभेला किंवा नावापुरती असतात. आमची मुलं तिथेच उभी होती, आणि वस्तीला तर आम्ही शिडीवर घेतलंच नव्हतं.

आता पहिले दोन दिवस मुलं फक्त ऐकतात. वही घेऊन घरोघर जातात, कामाची यादी वस्तीतली माणसं करतात. त्या सभागृहाकडे आम्ही परत गेलो. वस्तीतल्याच एका गवंड्याने काम हातात घेतलं, मुलं त्याच्या हाताखाली पाट्या वाहत होती. तिथल्या गटनायकाचं काम हुकूम सोडणं नव्हतं. सामान वेळेवर येतंय ना आणि उन्हात कोणी जास्त वेळ राहत नाही ना, हे पाहणं होतं. सहा महिन्यांनी त्याच गटाने परत जायचं, ही अट आम्ही पालकांच्या संमतीपत्रातच घातली आहे.

या बदलांनी गिऱ्हाईक तुटलं. साठ मुलांचं एका दिवसाचं ‘नेतृत्व शिबिर’ मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, आणि दोन वर्षं त्याची झळ चांगलीच बसली. पगार उशिरा झाले, पण कोणाचा बुडवला नाही. आज आम्ही सात जण आहोत. त्यातली एक बाटल्या मोजणारी ती मुलगी. या महिन्यात ती पहिल्यांदा स्वतंत्र गट घेऊन जाते आहे. काल ती आणि मी तिच्या गटाची वाट आधी चालून यायला गेलो होतो. ती सोंड आली तेव्हा ती थांबली आणि वहीत लिहून घेतलं: इथे चुकू द्यायचं, कड्याआधीच्या मोठ्या खडकापर्यंत.