बाळंतविड्याचं काम: दुपटी झाली, गोधडी अर्ध्यावर

भाचीचं बाळंतपण दिवाळीनंतर आहे. यंदा बाळंतविडा दुकानातून आणायचा नाही, असं आईनं आणि मी ठरवलंय. कापड सगळं घरातलं: आजीची लुगडी, आईच्या रोजच्या सुती साड्या, बाबांची धोतरं आणि ब्लाउज बेतून उरलेल्या खणांची पिशवी.

शिवण्यापेक्षा निवडण्यातच जास्त वेळ जातो, आणि जावा. कापड उजेडासमोर धरलं की विरलेला भाग लगेच कळतो. मग उभं-आडवं ताणून बघायचं. चर्रकन आवाज आला की ते गोधडीच्या पोटात जाणार, वर नाही. कापड मिश्र वाटलं तर कडेचा एक दोरा जाळते. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो नि राख होते. पॉलिएस्टर आकसून त्याचा कडक मणी बनतो. असलं कापड मी गोधडीतसुद्धा घालत नाही. घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवरून सरकतात.

रंगाचं वेगळं. ओलं पांढरं फडकं वर ठेवून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर लाली उतरली तर ते कापड बाळाच्या वाट्याला नाही. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो म्हणतात, पण जाणारा रंग मिठानं थांबत नाही. दोन-चार धुण्यांत जाऊ द्यावा हे बरं.

दुपटी धोतरांची केली. वर्षानुवर्षं धुतलेल्या धोतरासारखं मऊ कापड बाजारात पैसे देऊनही मिळत नाही. दोन पदर, कडेनं बारीक धावदोरा, बस्स. उरलेल्यात लंगोट बसले. कुंची मात्र खणाची, आतून धोतराचं अस्तर, म्हणजे शिवण कुठेच अंगाला लागत नाही. आईला कुंचीला मण्यांचे गोंडे हवे होते. मी म्हटलं, तोंडात जातील. "मग ती कुंची कसली, टोपीच म्हण की!" शेवटी मागच्या टोकाला कापडाचाच एक गोंडा, पक्का टाचून.

आता गोधडी. नऊवारी लुगडं जणू गोधडीचाच हिशेब करून विणलेलं असतं. ९ वारांच्या चार घड्या घातल्या की सव्वादोन वार, म्हणजे पावणेसात फूट लांबी. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी, साधारण ४५ इंच. एका माणसाला पुरेशी, कुठेही जोड नाही आणि चार पदर आयते. सहावारी ५.५ मीटरची धरली तर तीन घड्यांत सहा फूट होते; तिच्या पोटात विरलेल्या साड्यांचे तुकडे पसरावे लागतात. तुकडे शेजारी शेजारी ठेवा, एकावर एक चढवू नका, नाहीतर दाभण अडते आणि तिथे उंचवटा राहतो.

माझी गोधडी आजीच्या लुगड्याची, भाचीसाठी. बाळाला दुपटी आहेतच, रात्री उठबस करणाऱ्या आईला नको का काही? कच्चे टाके मधून बाहेर घातले, म्हणजे झोळ कडेकडे ढकलला जातो. पक्का धावदोरा मात्र कडेनं सुरू करून फेऱ्या घेत आत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून मध्याकडे शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलांची कल्पना मी उचलली, खणांच्या तुकड्यांची. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलंय. नव्या कापडाला याहून विरळ चालेल. जुन्याला नाही, कारण विरलेलं कापड टाक्यांच्याच आधारानं टिकतं. सध्या निम्म्या फेऱ्या झाल्यात. मशीनवर एका दुपारचं काम आहे, ठाऊक आहे. पण मशीनची गोधडी ताठ होते, अंगाला बिलगत नाही.

मधल्या वेळात हाताला हलकं काम म्हणून काकांची चंची, म्हणजे पानतंबाखूची कापडी पिशवी, झाली. तंबाखू सुटली, चंची सुटत नाही. तीन कप्पे: गोळ्या, चष्मा, सुटे पैसे. बंद साडीच्या काठाचा. काठ आधीच दोन्हीकडून पक्का असतो, दुमडायला नको.

अडलंय ते इरकलीच्या पदराशी. अंग सुती, पदर रेशमी. दोन्ही एकाच गोधडीत घातले तर धुतल्यावर रेशीम वेगळं आकसेल असं मला वाटतं. आई म्हणते, आधी भिजवून वाळवलं की काही होत नाही. इरकलीचा पदर गोधडीच्या वरच्या थराला लावून नंतर धुतलेली कुणी आहे का? आहे तसा राहिला की चुण्या पडल्या, ते सांगा. तोवर पदर घडीतच ठेवलाय.