लेकराला मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक: निवड, वाचन आणि शिलाई

दुकानात लेकराचं पुस्तक निवडताना पहिली दोन पानं मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात नाही, तोंडानं, शेजारच्याला ऐकू जाईल असं. जिथं जीभ अडखळली तिथं ती घरीही अडखळणार, आणि आवडलेलं पुस्तक लेकरू महिनाभर रोज मागणार. ‘त्याच्याकडून फळ खाल्ले गेले’ असली वाक्यं दिसली की चित्रं कितीही गोड असोत, पुस्तक परत ठेवा. सोबतीनं वाचायचं पुस्तक आधी कानासाठी असतं, मग डोळ्यांसाठी. वाचताना धरता येणारी लय, पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ आणि पान उलटायला लावणारं अर्धवट वाक्य एवढं मिळालं तर बाकी पुष्कळ चालवून घेता येतं.

मग अक्षरं तपासा. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळं दोन ओळींत मोकळी जागा लागते. ओळी दाटल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो आणि नुकतं वाचायला लागलेलं लेकरू तिथंच थांबतं. पाच-सहा वर्षांच्या लेकरासाठी १८ पॉइंटपेक्षा बारीक अक्षर घेऊ नये. गडद चित्रावर पांढरी अक्षरं दुकानाच्या लख्ख उजेडात छान दिसतात, घरातल्या एका बल्बखाली ती वाचता येत नाहीत.

वयाचा हिशेब फार ताणू नये, पण ढोबळ अंदाज असा. दोन वर्षांच्या आत जाड पुठ्ठ्याची पानं आणि पानावर एकच चित्र, कारण पुस्तक तोंडात जाणारच. दोन ते चारला पानाला एक-दोन ओळी. चार ते सहाला १६ किंवा २४ पानांची एक गोष्ट. पुढं लेकरू स्वतः वाचायला लागलं की बरेच आई-बाप वाचून दाखवणं बंद करतात, आणि हे मला फार चुकीचं वाटतं. सात-आठ वर्षांच्या लेकराला स्वतः वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून कळते. ते सोपं पुस्तक स्वतः वाचेल, अवघड पुस्तक तुम्ही रोज एक प्रकरण वाचून दाखवा. दहाव्या वर्षापर्यंत तरी.

बसायचं शेजारी किंवा मांडीवर, समोरासमोर नाही. समोर बसलं की पुस्तक कुणातरी एकाला उलटं दिसतं. पान लेकरानं उलटायचं, मग त्यानं दोन पानं एकदम उलटली तरी चालेल. पहिल्या वाचनात ओळीखाली बोट फिरवू नका, लेकराची नजर चित्रावर हवी असते. गोष्ट पाठ झाल्यावर, चौथ्या-पाचव्या वाचनाला, बोट फिरवायला सुरुवात करा. तेव्हा पुढचा शब्द कोणता हे त्याला आधीच ठाऊक असतं आणि तो शब्द दिसतो कसा हे कळायला लागतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते प्रश्न विचारण्यात. ‘हे काय? ते काय? याचा रंग कोणता?’ अशी सरबत्ती सुरू झाली की पुस्तकाची परीक्षा होते आणि लेकरू उठून जातं. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत साधारण दोन ते तीन वर्षांच्या लेकरांच्या घरी एक प्रयोग केला. काही पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं की हो-नाहीचे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा आणि लेकरू जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. बाकीचे पालक नेहमीसारखं वाचत राहिले. चार आठवड्यांनी पहिल्या गटातली लेकरं बोलण्यात स्पष्टपणे पुढं होती.

आपल्या घरात हे असं दिसतं. चित्रात भिंतीवर चढलेली शेळी आहे, लेकरू म्हणतं, ‘शेळी!’ तुम्ही म्हणायचं, ‘व्हय, काळी शेळी भिताडावर चढलीय. आता उतरल कशी?’ आणि मग गप्प बसायचं. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. मोठ्या माणसाला ही शांतता जड जाते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो, तिथं सगळं वाया जातं. दोन-तीन पानांत असा एक प्रश्न पुरे. गोष्ट रंगात आली असेल तर एकही नको.

घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांचा प्रश्न आपल्याकडं मोठा आहे. पुस्तकात ‘इकडे ये, काय करतोस?’ असतं, लातूर-नांदेडकडच्या घरात ‘हिकडं ये, काय करलालास?’ असतं. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात घरात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कानडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, संभाजीनगर-नांदेडच्या मोहल्ल्यांत दखनी. माझं मत ठाम आहे: छापलेली ओळ छापली तशीच वाचावी, आणि ओळीबाहेरच्या सगळ्या गप्पा घरच्या बोलीत माराव्यात. ओळ दर वेळी बदलली तर लेकराला ती पाठ होत नाही, आणि पाठ झालेली ओळच पुढं अक्षरओळखीला कामी येते. लेकरू गोष्ट परत सांगताना ‘म्हणाला’ऐवजी ‘म्हनला’ म्हणालं तर दुरुस्त करू नका. ते गोष्ट सांगतंय, तिथं व्याकरण काढलं की सांगणं थांबतं. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला मात्र अख्खी गोष्ट बेधडक घरच्या भाषेत सांगावी. घरची भाषा मराठी नसेल तर दोन भाषांत शेजारी-शेजारी छापलेली पुस्तकं मिळतात का ते बघा, चेन्नईच्या तुलिका प्रकाशनानं इंग्रजी आणि एक भारतीय भाषा अशी पुष्कळ काढली आहेत.

पुस्तकातलं जग आपल्यासारखंच असावं असा हट्ट नको. चित्रात समुद्र असेल आणि लेकरानं पैठणचा नाथसागर पाहिला असेल, तर तिथून सुरुवात करता येते. पण घरातल्या चार पुस्तकांपैकी निदान एकात ज्वारीचं रान, एसटी, आठवडी बाजार, माळवदाचं घर असं काही असावं. ‘आपल्या इथं बी असंच हाय’ हे लेकराच्या तोंडून निघालं की पुढचं बोलणं आपोआप वाढतं.

आता वाचता न येणाऱ्या आजीबद्दल. बीड, धाराशिव, जालना भागातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मागं राहिलेली लेकरं आजी-आजोबांकडं असतात. तिथं ‘आई-बाबांनी वाचून दाखवा’ हा सल्ला उपयोगाचा नाही. अशा घराला एकही शब्द नसलेली चित्रकथा द्यावी. फक्त पद्धत आधी दाखवून द्यावी लागते, नाहीतर आजी ‘मला कुठं येतंय वाचाया’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवते. पहिल्या फेरीत दोघांनी काही न बोलता सगळी पानं नुसती बघायची. दुसऱ्या फेरीत आजीनं चित्रातल्या माणसाला नाव द्यायचं, गावातलंच एखादं, आणि पानागणिक एक वाक्य बोलायचं. तिसऱ्या फेरीत लेकरानं सांगायचं आणि आजीनं ‘मंग?’ एवढंच म्हणायचं. ओव्या आणि कहाण्या तोंडपाठ असलेल्या बाईला गोष्ट रचायला शिकवावी लागत नाही, पुस्तक उलटायचा धीर तेवढा द्यावा लागतो. मोठं भावंड शाळेत जात असेल तर शब्दांचं पुस्तक त्यानं वाचावं आणि आजीनं मधेमधे बोलावं, ही जोडीही फार चांगली जमते.

पुस्तकं कुठून आणायची? १९५७ साली सुरू झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली मराठी पुस्तकं स्वस्त असतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं सार्वजनिक वाचनालय गावात किंवा शेजारच्या गावात असेल, तर बालविभागाची चौकशी करा. पुस्तकं पुष्कळदा कुलपातल्या कपाटात असतात आणि कुणी मागितलीच नाहीत म्हणून तिथंच राहतात. जरा मोठ्या लेकरांना बालभारतीचं ‘किशोर’ मासिक लावा. ते नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत उतरवून छापता येतात. खुल्या परवान्यामुळं ते रीतसर आहे. पुस्तकांना एक ते चार पातळ्या दिलेल्या असतात, त्या लेकरू स्वतः वाचणार असेल तर. वाचून दाखवायला एक पातळी वरचं पुस्तक घ्या. अनुवाद अनेक हातांचे आहेत, काही सुरेख आणि काही ओबडधोबड, म्हणून छापण्याआधी मोठ्यानं वाचण्याची कसोटी इथंही लावा.

छापताना पीडीएफ उतरवूनच छापा, थेट ब्राउझरमधून छापलं तर जोडाक्षरं फुटण्याची भीती असते. पान उभं असेल तर झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट’ सेटिंग सांगा, म्हणजे कागद मधे दुमडून पुस्तक होतं. १६ पानांना चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी लागतात. कागद आखूड बाजूनं पलटण्याची सेटिंग हवी, लांब बाजूची राहिली तर मागची पानं उलटी छापून येतात. पान आडवं असेल तर बुकलेट करू नका, चित्र फार लहान होतं. त्याऐवजी उभ्या ए-फोरवर एकाखाली एक अशी दोन पानं, एकाच बाजूनं छापा, मधून कापा आणि डाव्या कडेला शिवा. दोन्ही बाजूंनी छापून मधून कापलं तर पानांचा क्रम मोडतो. एका बाजूच्या छपाईत डावं पान कोरं राहतं, तिथं लेकराला चित्र काढू द्या. शिलाईसाठी डावीकडं दीड सेंटिमीटर समास सोडायला सांगा. नेहमीच्या ७०-७५ जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) कागदावर दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांतून दिसतात, म्हणून बुकलेटला १०० जीएसएम घ्या.

विकतच्या पातळ पुस्तकांना मधे पिना असतात. पावसाळ्यात त्या गंजतात, डाग पडतात आणि मधलं पान सुटतं. नवं पुस्तक आणल्याबरोबर पिना काढून दोऱ्यानं शिवलं तर ते कितीतरी जास्त टिकतं. पुस्तक मधोमध उघडून घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन वर-खाली कडेपासून तीन-तीन सेंटिमीटर सोडून. पाठीच्या अडीचपट लांबीचा जाड सुती दोरा घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर जा, आत चार बोटं दोरा सोडा. वरच्या भोकातून आत या, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर पडा आणि मधल्यातून पुन्हा आत या. आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनंच ओढायचा, वर उचलून ओढला की कागद चिरतो.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद पिवळा पडतो आणि पट्टी निघताना छपाई घेऊन निघते. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात मंद आचेवर ढवळून खळ करा, पांढऱ्या पतंगी कागदाची पट्टी कात्रीनं न कापता हातानं फाडा, लावा, आणि वर-खाली प्लास्टिक ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लेकरं पुस्तक तोंडात घालतात, म्हणून घरच्या खळीत अजिबात नको. पानं खाणारी कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळवून पुस्तकांच्या मधे ठेवा. ओला पाला हिरवे डाग सोडतो.

जी लेकरं आई-बापासोबत उसाच्या फडावर जातात त्यांच्या पिशवीत दोन पुस्तकं बसतात: एक बिनशब्दांचं, एक पानाला दोन ओळींचं. दोन्ही शिवलेली, वहीच्या आकाराची. सोबत तोंड बंद होणारी प्लास्टिकची पिशवी द्या, कारण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, दव, चुलीचा धूर आणि पाचटाची धूळ तिन्ही असतात. उजेड असतो तोवरच वाचन होणार, आणि मायबाप पहाटेपासून फडात, म्हणून दोन्ही पुस्तकं निघण्याआधी घरी निदान चार-पाच वेळा लेकरासोबत वाचून झालेली असावीत. म्हणजे तिकडं ते धाकट्याला स्वतः सांगू शकतं.