घुमट आरतीचा व्हिडिओ: मागे 'लाइफ', रंग कावीचे

गोव्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट या मातीच्या वाद्यावर आरती म्हणतात, तिचा व्हिडिओ आता बराच पुढे सरकलाय. अडलं होतं ते नावांच्या पाट्यांपाशी: मागे काय ठेवायचं? स्टॉक क्लिपा नकोच होत्या.

शॉटकट या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या 'ओपन अदर'मधले जनरेटर, म्हणजे आपोआप हलती चित्रं तयार करणारी साधनं, आधी चाळली. प्लाझ्मा म्हणजे शिगम्याचा (गोव्यातल्या होळीच्या सणाचा) चित्ररथच, सगळे रंग एकदम अंगावर. लिसाजू (वळणदार रेषांची नक्षी) बरा, पण आरतीमागे प्रयोगशाळेतला वाटतो. शेवटी एफएफएमपेग या दुसऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधल्या 'लाइफ'वर स्थिरावलो. जॉन कॉनवेचा 1970 चा खेळ: जिवंत चौकोनाला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर तो टिकतो, रिकाम्या जागी बरोबर तीन शेजारी जमले की नवा जन्मतो.

यात तीन रंग देता येतात. मी ते देवळाच्या भिंतीवरच्या कावी चित्राच्या (पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीच्या रंगाची नक्षी) फोटोतून उचलले. जिवंत चौकोन चुन्याचा पांढरा, नुकता मेलेला कावीचा तांबडा, आणि 'मोल्ड'चा, म्हणजे मेलेला चौकोन विझत शेवटी पोचतो तो रंग काळपट तपकिरी. मोल्डचा आकडा (विझण्याचा वेग) लहान ठेवला की तांबडा सावकाश विझत जातो. सगळी मजा याच विझण्यात आहे. नुसते पांढरे ठिपके कोण बघणार?

आकार मुद्दाम 160 × 90 ठेवला आणि 'नेबर' पद्धतीने (जवळच्या पिक्सेलचा रंग तसाच घेऊन) बारापट वाढवला. बरोबर 1920 × 1080 होतं, कडा धारदार राहतात. सेकंदाला खेळाच्या पंचवीस पिढ्या (फेऱ्या) फार होतात, सहा पुरे. तरी आमचे घुमटवाले काका म्हणालेच, "नाव वाचू की ते बघू?" म्हणून अपारदर्शकता तीस टक्क्यांवर आणली.

श्रेयनामावलीला साधा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी पार्श्वभूमी) आहे, तिथे पट्टे उमटले. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या; गडद तपकिरी ते काळा यात जेमतेम चाळीस वाट्याला येतात, म्हणजे 1920 पिक्सेलांत एकेक पट्टा 48 पिक्सेल रुंद. वर अगदी पुसट नॉईज (विखुरलेले बारीक ठिपके) टाकला की पट्टे मोडतात. फार टाकू नका मात्र. नॉईजची पुढची फ्रेम मागचीवरून ओळखता येत नाही, त्यामुळे एच.264 (व्हिडिओ लहान करायची पद्धत) त्यावरच बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, उधळतो आणि घुमटावरची बोटं धुरकट होतात.

आता पाटीचा उजेड शामेळाच्या (घुमटासोबत वाजणाऱ्या वाद्याच्या) ठोक्याला बांधायचाय. कीफ्रेम (बदल कुठल्या क्षणी व्हायचा त्या खुणा) हाताने न लावता कुणाला जमलं असेल तर सांगा.