अंडं बंद, मग पिल्लू श्वास कसा घेतं?

"सर, अंडं तर चहूबाजूंनी बंद. मग आतलं पिल्लू श्वास कसा घेतं हो?" बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात 22 वर्षं विज्ञान शिकवतोय, हा प्रश्न दर वर्षी येतोच. पाठोपाठ मागच्या बाकावरून कुणीतरी, "आणि मुततं कुठं?" वर्ग हसतो. मला दुसरा प्रश्न जास्त आवडतो, कारण दोन्हींचं उत्तर एकाच पिशवीत आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

खुडूक कोंबडीखालचं 7 दिवसांचं अंडं अंधारात बॅटरीवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे एक काळा ठिपका. तो डोळा. पिल्लू पाण्याने भरलेल्या एका पातळ पिशवीत तरंगत असतं, तिला उल्ब म्हणतात. बलक दुसऱ्या पिशवीत, ती त्याची शिदोरी. तिसरी पिशवी पिल्लाच्या आतड्यातून फुगत बाहेर येते आणि मूत साठवते. फुगता फुगता ती कवचाच्या आतल्या अंगाला जाऊन भिडते. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, तिथून आलेला प्राणवायू तिच्या शिरा उचलतात. म्हणजे मुताची पिशवी तीच फुप्फुस! आमच्याकडे जुन्या लुगड्याची आधी गोधडी आणि मग पायपुसणं व्हायचं, तसलीच काटकसर.

बेडकाला ही सोय नाही. जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात पानांना फेसाची घरटी लटकतात, मलबारी उडत्या बेडकाची. खाली डबकं हवंच, कारण पिल्लं टपकून त्यातच वाढायची. ज्यांचं पिल्लू उल्बात वाढतं, त्या उल्बवाल्यांचं डबक्यावाचून भागलं. सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यातले सरड्यासारखे प्राणी जमिनीवर फिरत होते, त्यांचे सांगाडे कॅनडात दगडांत सापडलेत. पाल, कासव, मोर, म्हैस, आपण, सगळे त्याच गोतावळ्यातले.

म्हशीचं खोटं वाटत असेल तर ती विताना गोठ्यात थांबा. बहुतेकदा आधी एक पाणमोट फुटते, पातळ पिवळसर पाणी येतं. ती अंड्यातल्या मुताच्या पिशवीचीच बहीण. मागून पांढुरकी, बुळबुळीत दुसरी येते आणि तिच्यातून रेडकाचे खूर दिसतात. ते उल्ब. आमच्या काकीला यातला एक शास्त्रीय शब्द येत नाही, पण कुठली मोट कधी फुटायला हवी हे तिला माझ्यापेक्षा नीट कळतं. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची कातड्याची पिशवी. आणि कन्नडात अंड्याला मोट्टे! संबंध बहुधा काही नसेल, पण सांगितल्यावर पोरं विसरत नाहीत.

चौथीत असताना 20 व्या दिवशी एका अंड्यातून चिवचिव ऐकू आली. कवचाला बारीकशी चीर होती. मी दयेपोटी नखाने सोलत गेलो. कवचाखालचा पापुद्रा फाटला आणि बोटांना रक्त लागलं. त्या शिरा अजून चालू होत्या, बलकही पोटात पुरता ओढला गेला नव्हता. पिल्लू संध्याकाळपर्यंत राहिलं.

आता मी मुलांना आपोआप फुटलेली कवचंच आणायला सांगतो. आत वाळलेल्या शिरांची नक्षी असते आणि कडेला चुन्यासारखा पांढरा चिकटा. तो भिंगाखाली ठेवतो आणि मागच्या बाकावरच्याला पुढे बोलावतो. "घे, बघ. इथं."