सीनायच्या वाटेवर पाणी मागताना

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आला की बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातील अरण्यप्रवासाचे अध्याय वाचले जातात, आणि त्यांवरील प्रवचनांत एक मुद्दा हमखास येतो: तांबड्या समुद्रातून कोरड्या पायांनी पार पडलेले इस्राएल लोक अवघ्या तीन दिवसांत, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून त्यांना बाहेर काढणाऱ्या मोशेविरुद्ध कुरकुर करू लागले, इतके ते कृतघ्न होते. मी नागपुरात सदरमधल्या ख्रिस्ती वस्तीत वाढले आणि हे प्रवचन लहानपणापासून ऐकत आले. आमच्या तरुण संघाबरोबर दिवाळीच्या सुटीत सीनायच्या वाळवंटात चालून आल्यापासून मात्र हे अध्याय मला निराळे वाटू लागले आहेत, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा अनुभव लिहीत आहे.

पवित्र भूमीच्या यात्रा आता विदर्भातूनही निघतात, परंतु त्या बहुधा बसमधून होतात. आमच्या पाळकसाहेबांचा आग्रह असा होता की तरुणांनी निदान एक टप्पा पायी करावा, तंबूत झोपावे आणि स्वतःचे ओझे स्वतः वाहावे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला पायी यात्रेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांची भजने आमच्या उपासनेत टाळांच्या साथीने गायिली जातात. त्यामुळे संघातील मुलांनी या प्रवासाला पहिल्या दिवसापासून ‘वारी’च म्हटले आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. आमच्या शेजारच्या काकू दर श्रावणात पचमढीच्या डोंगरांत नागद्वारच्या यात्रेला जातात. त्यांनी माझ्या पिशवीत फुटाणे आणि गूळ बांधून दिला आणि बजावले, “ताई, चढावर बोलू नका, अन् तहान लागायची वाट पाहू नका.” संपूर्ण तयारीत मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला होता.

बाकीची तयारी आम्ही सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर पहाटे भरलेल्या पिशव्या पाठीवर घेऊन आणि रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढून केली. उन्हाची धास्ती कोणालाच नव्हती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा ठेवून कॉलेजला जाणाऱ्या मुलांना ऑक्टोबरातल्या वाळवंटाचे काय भय वाटणार? नागपूरचे ऊन सुसह्य होते ते चौकाचौकांतल्या पाणपोयांमुळे, कोणाच्याही दारात मागितल्यावर मिळणाऱ्या माठातल्या पाण्यामुळे, हे नागपुरात असताना जाणवत नाही. आम्हाला ऊन सोसण्याची सवय होती. पाणी नसण्याची नव्हती.

कैरोहून निघालेली बस सुएझ कालव्याखालच्या बोगद्यातून सीनाय द्वीपकल्पात शिरली. वाटेत ‘मोशेचे झरे’ म्हणून दाखवली जाणारी खजुरीची राई लागली. काही जण तेथेच बायबलमधले कडू पाण्याचे मारा मानतात. पुढे समुद्रकाठ सोडून रस्ता आत वळतो आणि वादी फैरानच्या मरुवनातून डोंगरांकडे चढत जातो. वादी म्हणजे पावसाच्या पुराखेरीज एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र. फैरानच्या खजुरी मागे पडल्या आणि हिरवा रंग जवळजवळ संपला. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; या भागात शंभरही पडत नाही.

सेंट कॅथरीन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथील डोंगरांत स्थानिक बदाउनी (बेदुईन) वाटाड्यावाचून जाता येत नाही. आमचा वाटाड्या जबालिया जमातीचा होता. या जमातीचे लोक आपला वंश सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात तेथील सेंट कॅथरीन मठाच्या रक्षणासाठी पाठवलेल्या माणसांपर्यंत नेतात. तंबू आणि शिधा उंटावरून पुढे गेला आणि आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन एका उंच खिंडीकडे निघालो. खिंड ओलांडून पलीकडच्या दऱ्यांत उतरायचे आणि वादी अल्-अरबईनमधून परत यायचे, असा बेत होता.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. येथे वाळू फारशी नव्हती. तांबूस ग्रॅनाइटचे उघडे कडे, त्यांवरून सुटलेले दगड आणि पायाखाली सरकणारी खडी, एवढेच होते. प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागत असल्यामुळे दोन तासांत पोटऱ्यांपेक्षा डोळेच अधिक थकले. हवा थंडगार असली तरी इतकी कोरडी होती की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जात होता, आणि सदरा ओला होत नसल्यामुळे आपल्या अंगातले पाणी चालले आहे, याचा पत्ताच लागत नव्हता. उंचीमुळे धाप लागे, धाप लागली की तोंड कोरडे पडे, आणि मुले मोठमोठे घोट घेत. खिंडीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा बहुतेकांच्या बाटल्या तळाला लागल्या होत्या.

तेथे जे घडले ते मला तपशिलाने नोंदवले पाहिजे. सर्वांत धाकटी मुलगी, नुकतीच अकरावीत गेलेली, डोके धरून खडकाच्या सावलीत बसली आणि तिच्या पिंढरीत गोळे आले. मी तिला क्षारसाखरेचे पाणी घोटघोट पाजू लागले. बाकीची मुले प्रथम गप्प होती. मग एकाने पुढे किती पाणी मिळेल असे विचारले, दुसऱ्याने गावातच का थांबलो नाही असे म्हटले, आणि तिसरा, जो उपासनेत सर्वांत सुरेल गातो तोच, पाळकसाहेबांकडे वळून म्हणाला, “साहेब, आम्हाला इथे कशाला आणलंत?” या मुलांच्या घरी आदराने बोलण्याचे संस्कार आहेत आणि पाळकसाहेबांविषयी त्यांच्या मनात माया आहे. तरीही तो प्रश्न आला, आणि तो जवळजवळ निर्गमाच्या सतराव्या अध्यायातलाच होता. हे लक्षात येताच माझ्या अंगावर काटा आला. पाळकसाहेबांच्याही ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी उत्तर दिले नाही. आपल्या पिशवीतली न उघडलेली बाटली काढून त्या मुलाच्या हातात दिली आणि वाटाड्याजवळ जाऊन पाण्याची चौकशी केली.

वाटाड्याने समोरच्या कड्याकडे बोट केले. तांबड्या ग्रॅनाइटमधून वरपासून खालपर्यंत काळ्या दगडाचा एक सरळ पट्टा गेला होता. ग्रॅनाइटच्या भेगांत वर आलेला लाव्हा थिजून असे पट्टे तयार होतात, आणि डोंगराच्या पोटातून झिरपत येणारे पावसाचे पाणी त्यांपाशी अडते. बदाउनी लोक पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्यांच्या आधाराने विहिरी खणत आले आहेत. आम्ही उतरलो तेव्हा त्याच काळ्या पट्ट्याच्या पायथ्याशी दगडी कुंपणातली एक बाग होती. बदाम, जर्दाळू आणि ऑलिव्हची झाडे होती आणि मध्ये एक विहीर होती. पोहरा वर आला तेव्हा मुलांपैकी कोणी धक्काबुक्की केली नाही. पहिला पेला धाकटीला दिला गेला आणि नंतर सर्वांना पोटभर मिळाले. खडकातून पाणी निघाल्याची कथा मी चमत्कार म्हणून मानत आले आहे आणि आजही मानते. परंतु खडकाआड पाणी असते, आणि ते कोठे आहे हे जाणणारा कोणीतरी सोबत असावा लागतो, हे मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

बागेच्या मालकाने आमच्यासाठी चूल पेटवली. पुदिन्यासारख्या वासाची एक रानवनस्पती घालून केलेला गोड चहा आला आणि उपड्या तव्यावर भाजलेली मोठी, पातळ भाकरी आली. ती पाहून मुलांना आपल्याकडच्या उपड्या मटक्यावरच्या लांब पोळीचीच आठवण झाली आणि थोड्याच वेळापूर्वी रडकुंडीला आलेला घोळका सावजी रस्सा आणि लांब पोळीच्या गप्पांत रमला. काकूंचे फुटाणे आणि गूळ मी मालकाच्या मुलांना दिला.

उतरणीवर वादी अल्-अरबईनमध्ये चाळीस हुतात्म्यांच्या नावाचा जुना मठ आणि त्याची ऑलिव्हची बाग लागली. आणखी खाली वाटेच्या कडेला तो प्रचंड सुटा खडक आहे, ज्यावर मोशेने काठी मारली असे परंपरा सांगते. त्याच्या अंगावर खाचांची एक ओळ आहे आणि त्या इस्राएलाच्या बारा वंशांसाठीचे बारा झरे मानल्या जातात. नेमका हाच खडक होता का, याचा वाद कोणी घातला नाही. ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता, तो खडकाला तळहात लावून बराच वेळ उभा राहिला.

त्या रात्री झोप जेमतेमच मिळाली. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही जबल मूसा, म्हणजे परंपरेनुसार जेथे मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो २,२८५ मीटर उंचीचा डोंगर, चढू लागलो. उंटांच्या वाटेने वळणे घेत जाणारा हा चढ आदल्या दिवशीच्या मानाने सोपा होता. त्रास थंडीचाच होता. बोटे बधिर झाली होती, पुढच्याच्या पायावर विजेरीचा प्रकाश धरून एकामागून एक चालायचे, एवढेच काम होते. एका वळणावर कोणीतरी हळू आवाजात टिळकांचे भजन सुरू केले आणि ते रांगेतून मागेपर्यंत आले, तेव्हा वारी म्हणण्यात काहीच अतिशयोक्ती नव्हती याची मला खात्री पटली. शिखराच्या खाली, जेथे उंटांची वाट संपते आणि सुमारे साडेसातशे दगडी पायऱ्या सुरू होतात, तेथे एलीयाची सपाटी आहे. जीव नकोसा होऊन रतमाच्या झुडपाखाली निजलेला संदेष्टा एलीया पुढे येथेच, होरेबावर (सीनाय डोंगराचेच दुसरे नाव), आला असे मानतात. देवदूताने त्याला प्रथम उपदेश केला नाही; भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि वाट लांबची आहे म्हणून पुन्हा खायला लावले. पाळकसाहेबांनी तो उतारा तेथेच, थरथरत्या आवाजात वाचला. मग आम्ही पायऱ्या चढलो. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री हा डोंगर चढली आणि वाट भिंतीसारखी सरळ उभी असल्याचे तिने लिहून ठेवले; शेवटच्या पायऱ्यांवर तिचे म्हणणे मला पूर्ण पटले.

शिखरावर १९३४ मध्ये जुन्या चर्चच्या अवशेषांवर बांधलेले छोटे चर्च आहे आणि जवळच एक मशीद आहे. सूर्योदय सुंदर होता. त्याची छायाचित्रे सर्वांकडे आहेत. परतताना आम्ही भिक्षूंनी रचलेल्या प्रायश्चित्ताच्या पायऱ्यांनी उतरलो. या पायऱ्या एकूण ३,७५० असल्याचे सांगतात आणि त्या गुडघ्यांची पुरेपूर परीक्षा घेतात. खाली मठात जळत्या झुडपाची जागा आणि सहाव्या शतकातले ख्रिस्ताच्या रूपांतराचे कुट्टिमचित्र (मोझाइक) पाहून आम्ही छावणीवर आलो.

तेथे चटईवर बसून आम्ही निर्गमाचे पंधरा ते सतरा हे अध्याय सलग वाचले. मारा येथे लोकांनी पाण्यासाठी कुरकुर केली. परमेश्वराने पाणी गोड केले. पुढे भाकरीसाठी केली, तेव्हा मान्ना हे आकाशातून पडणारे अन्न दिले. रफीदीमला पुन्हा पाण्यासाठी केली. खडकातून पाणी दिले. त्या जागेला मस्सा आणि मरीबा ही नावे पडली आणि पंचाण्णवाव्या स्तोत्रात त्यांची कठोर आठवणही आहे, हे खरे. परंतु या तीन अध्यायांत कुरकुरीबद्दल एकालाही शिक्षा झालेली नाही. तहानलेल्यांना प्रथम पाणी मिळाले आहे. आमच्या प्रवचनांत हे अर्धे सुटते, असे मी तेथे सर्वांसमोर म्हटले. शिक्षा येतात त्या गणनेच्या पुस्तकात, सीनायपाशी जवळजवळ वर्षभर राहून लोक पुढे निघाल्यावर, आणि अकराव्या अध्यायात त्यांची मागणी पाण्याची नाही, तर मिसरातल्या मासळीची, काकड्यांची, कांद्यांची आणि लसणाची आहे.

त्यावर खडकापाशी उभा राहिलेला तोच मुलगा म्हणाला, “पण ताई, एकविसाव्या अध्यायात ते पाणी नाही असंही म्हणतात आणि तरी साप येतात.” त्याचे बरोबर होते. त्या वचनात पाण्याच्या तक्रारीला मान्नाविषयीचा तिटकाराही जोडलेला आहे, असे मी सांगितले. त्याचे पुरते समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. मग पाळकसाहेबांनी विसावा अध्याय उघडला. तेथे लोक पुन्हा पाण्यासाठी भांडतात, मोशे संतापून त्यांना बंडखोर म्हणतो आणि काठीने खडकावर दोनदा मारतो. पाणी लोकांना आणि त्यांच्या गुराढोरांना मिळते; वचनदत्त देशात जाण्याला मुकतात ते मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन. पाळकसाहेब म्हणाले की इतकी वर्षे आपण या पुस्तकांवर लोकांच्या बाजूने कधी प्रवचन केले नाही, आणि येत्या उपवासकाळात गणनेच्या विसाव्या अध्यायावर ते करणार आहेत. शास्त्रपाठ त्या मुलाने वाचायचा, असे ठरले आहे, आणि एकविसाव्या अध्यायाचा प्रश्न त्याने त्याच दिवशी मंडळीपुढे मांडायचा, असेही.